रायमलच्या झाडावरचा फोन

‘अक्राणी तालुक्यातील एका दुर्गम पाड्यावर मोबाईलमधून रोग पसरतो अशी दृढ समजूत होती. एका पालकाने तर आपला मोबाईल कुंकू लावलेल्या कापडात बांधून घरापासून दूर, डोंगरावरच्या झाडाला टांगून ठेवला होता. आमच्या तंत्रस्नेही शिक्षकाने पाड्यावर जाऊन प्रबोधन केले, पालकांची भीती घालवली आणि त्याच झाडाखाली ऑनलाईन शिक्षणाची गंगा अवतरली.’

हा उतारा शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी छापलेल्या एका पुस्तिकेत आहे. शेजारी छायाचित्रही आहे. मोहाची फांदी, तिला लोंबकळणारे गाठोडे आणि मागे सातपुड्याची रांग. छायाचित्र उत्तम आहे. उताऱ्यातले झाड खरे आहे आणि फोनही खरा आहे. बाकीचा मजकूर खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे सांगण्यासाठीच मी हा लेख लिहीत आहे.

संपादकांनी माझ्याकडे करोनाकाळातल्या अध्यापनाचे अनुभव मागितले, तेव्हा मी प्रथम नकार दिला होता. या विषयावरचे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. त्यांत एक टेकडी असते, एक उत्साही गुरुजी असतात, एक मोबाईल असतो आणि शेवटी मुलांच्या चेहऱ्यावर हसू फुलते. मी त्या काळात त्याच तालुक्यात, धडगावच्या पलीकडे, डोंगरातल्या एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. मला ते हसू फारसे आठवत नाही. आठवतो तो थकवा. चढ चढून पाड्यावर पोहोचावे, तोंडावरचे फडके घामाने चिकटलेले असावे, आणि समोरच्या मुलाने गेल्या आठवड्यात शिकवलेले सगळे विसरून आपल्याकडे पाहावे, असा तो थकवा होता. मी निवृत्त झालो, तो झालेला नाही.

मी लिहायला बसलो तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, “आते कोनसंगे भांडी ऱ्हायनात?”

“एक पुस्तिकासंगे.”

“पुस्तिका काही बोलस का?”

“नही बोलत. म्हनीसन तं लिखनं पडी ऱ्हायनं.”

त्या कपाळाला हात लावून आत गेल्या. माझ्या नोकरीची सगळी वर्षे त्यांनी हे पाहिले आहे. मी भांडखोर आहे असे माझ्याविषयी बोलले जाते, आणि ते खोडून काढण्याची मला कधी गरज वाटली नाही.

सपाटीवरच्या वाचकासाठी थोडे सांगायला हवे. आमच्याकडे गाव म्हणजे घरांची रांग नव्हे. प्रत्येक कुटुंब आपापल्या शेताजवळ, आपापल्या उतारावर राहते. अशा विखुरलेल्या घरांचा मिळून एक पाडा होतो आणि अशा पाड्यांचे मिळून गाव. एका घरातून दुसऱ्या घरात जायचे तर नाला उतरून पुन्हा चढावे लागते. घरात पावरी बोलतात. मराठी ही शाळेची भाषा, माझीही शाळेचीच, कारण माझ्या घरात अहिराणी आहे. पहिलीत येणारे मूल मराठीतले ‘बस’ आणि ‘ऊठ’ एवढेच जाणते. म्हणून आमचा धंदा मुख्यतः डोळ्यांचा. शिकवताना शिक्षक फळ्याकडे कमी आणि मुलांकडे जास्त पाहतो. कोणाच्या डोळ्यांत अर्थ पोहोचला आणि कोण नुसती मान हलवतो, हे त्याला त्याच क्षणी कळले नाही तर तो शिक्षक नव्हे, ध्वनिक्षेपक आहे. त्यामुळे फोनवर शाळा होत नाही असे मी तेव्हा म्हणालो होतो. मुख्याध्यापकांचा तंत्रज्ञानाला विरोध होता, असे पुढे कोणी कोणी लिहिले. मी म्हणालो होतो ते आजही म्हणतो. फोनला मुलाचे डोळे दिसत नाहीत.

शाळा बंद झाली. काही दिवसांत गुजरातेत मजुरीला गेलेली माणसे मिळेल त्या वाटेने परत येऊ लागली आणि त्यांना वेगळे ठेवण्यासाठी शाळेची इमारत घेण्यात आली. म्हणजे ज्या ओसरीवर चार मुले अंतराने बसवता आली असती, तीही गेली. त्याच वेळी वरून आदेश आला की एकही विद्यार्थी शिक्षणाच्या प्रवाहाबाहेर राहता कामा नये. रोजचे धडे चित्रफितींच्या रूपाने पालकांच्या फोनवर जातील आणि मुख्याध्यापकांनी सर्वांना जोडून घ्यावे.

मला रेंज मिळायची ती घाटाच्या एका वळणावर. तिथे कठड्याला टेकून मी शिक्षण खात्यातल्या साहेबांच्या ऑनलाईन बैठकीला हजर राहत असे.

“गुरुजी, तुमचा कॅमेरा बंद आहे.”

“कॅमेरा लावला की आवाज जातो, साहेब. चेहरा पाहिजे की माहिती, ते सांगा.”

“तुमच्याकडे विद्यार्थी जोडले का जात नाहीत?”

“ज्यांच्याकडे फोन आहे त्यांच्या घरात रेंज नाही. रेंज आहे तिथे माकडं राहतात. त्यांना जोडू का?”

बैठकीत कोणीतरी हसले. साहेब हसले नाहीत. माझ्या सेवापुस्तकात या उत्तराची नोंद नाही, पण साहेबांच्या मनात झाली असावी.

आता रायमलकडे येतो.

रायमल पावरा नवापूरकडे कोंबड्यांच्या शेडवर कामाला होता. काम थांबले तसा तो घरी आला. येताना त्याच्याकडे काचेला तडा गेलेला एक मोठा फोन होता. घरात तो आणि त्याची मुलगी सेवंती, एवढीच माणसे. बायको सेवंती लहान असतानाच वारली होती. सेवंती तेव्हा आठवीत होती. अक्षर वाईट, गणित चांगले, प्रश्न विचारण्याची खोड दांडगी.

रायमलला रोगाची भीती होती. हे मी आधीच मान्य करून ठेवतो, कारण पुढे त्याचा उपयोग माझ्याविरुद्ध करण्यात आला. त्याच्या वाटेवर त्याने बोरीच्या काट्यांचे ढीग टाकले होते. सेवंतीला बाजारात नेणे बंद केले होते. शाळेच्या पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळ घरोघर पोहोचवण्याचे काम आमच्याकडे होते. मी धान्य घेऊन गेलो, तर काट्यांच्या पलीकडून त्याने हात वर केला.

“सर, तिथंच ठेवा. पुढं नका येऊ.”

“मी तुझ्या पोरीचा मास्तर आहे, रायमल.”

“माहीत आहे. म्हणून तर ओरडलो नाही.”

तो काट्यांच्या पलीकडे आणि मी अलीकडे, असे आम्ही बोललो. मी त्याला चित्रफितींचे सांगितले. फोन रेंजमध्ये असला की त्या आपोआप उतरतात आणि एकदा उतरल्या की रेंज नसली तरी पाहता येतात, एवढेच मला स्वतःला कळले होते. तो विचारात पडला. वर डोंगराच्या धारेवर बकऱ्या नेल्या की फोन खिशात थरथरतो, हे त्याच्या ध्यानात आले होते. पण पेरणीचे दिवस होते. फोन धरून दिवसभर धारेवर बसणारे माणूस कोणाच्याच घरात मोकळे नव्हते.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्याने तोडगा काढलेला होता.

“फोनला वर ठेवतो, सर. मी खाली माझं काम करतो, तो वर त्याचं काम करतो. संध्याकाळी दोघं घरी येतो.”

धारेवर मोहाचे एक झाड आहे. पाणी न्यायला वापरतात तो वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा रायमलने तोंडाशी मोठा कापला, फोन त्यात ठेवला, वरून कापड बांधले आणि तुंबा रेंज सापडली त्या फांदीला टांगला. तुंब्यामुळे पावसाचे पाणी लागत नव्हते. कापडावर कुंकवाचे बोट लावण्याचे कारणही साधे होते. आमच्या डोंगरात असे बांधून टांगलेले काही दिसले तर कोणी हात लावत नाही. ते देवाचे असते किंवा कोणाच्या तरी नवसाचे. तिथे कुलूप लागत नाही, कुंकू पुरते. सपाटीवरून आलेल्या माणसाला त्यात पूजा दिसली. ती राखण होती.

संध्याकाळी फोन खाली आला की रायमलच्या अंगणात जवळपासच्या घरांतली मुले अंतर ठेवून बसत. तोवर त्याने काटे थोडे बाजूला घेतले होते. एक तर फोन त्याच्याकडेच होता, आणि सेवंतीने एकटीने शिकायला साफ नकार दिला होता. उलट्या टोपलीवर फोन उभा करायचा आणि लावायचा. मलाही त्याने कुंपणाशी एक दगड नेमून दिला होता. तिथून पुढे यायचे नाही. मी त्या दगडावर बसून आधी मुलांबरोबर धडा ऐकत असे, मग फोन बंद करायला सांगून तोच धडा पुन्हा शिकवत असे. घरी फोन, आणि फोननंतर मास्तर. याला मिश्र अध्ययन म्हणतात, हे मला नंतर एका प्रशिक्षणात समजले.

फोनमधल्या शहरी बाई चांगल्या शिकवत, त्यात वाद नाही. पण धन आणि ऋण संख्या त्यांनी लिफ्टवरून समजावल्या. तळमजला म्हणजे शून्य, तळघर म्हणजे उणे. आमच्या मुलांनी मजल्यावर मजला पाहिलेला नव्हता. मी फोन बंद करायला लावला आणि म्हणालो, रायमलचे घर शून्य. वर धारेपर्यंत अधिक, खाली नाल्यापर्यंत उणे. आता नाल्यावरून पाणी घेऊन झाडापर्यंत गेलो तर किती चढलो ते सांगा. मुलांना कळले, कारण ती चढण त्यांच्या पायांना ठाऊक होती. सेवंतीने मात्र विचारले, “सर, लिफ्ट बंद पडली तर उणेमधली माणसं वर कशी येतात?”

“आपण येतो तशी.”

“मग लिफ्ट कशाला बांधली?”

फोनमधल्या बाईंना हा प्रश्न ऐकू येत नव्हता.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. माझ्या शाळेचे पाडे अनेक आणि रायमलसारखा माणूस एक. इतर पाड्यांवरची कितीतरी मुले त्या काळात सुटली ती सुटलीच. काही मुलींची लग्ने झाली. काही मुले बापाबरोबर कामाला गेली आणि पुढे रस्त्यात भेटली, तर ओळख देऊन मान खाली घालू लागली. ज्यांना या काळात शिक्षण थांबले नाही असे लिहायचे असेल त्यांनी लिहावे. मी त्या मुलांची नावे विसरलेलो नाही.

त्याच काळात आमच्या शाळेतले पंकज सर पाड्यावर आले. तरुण, हुशार, तळोद्याकडचे. वाहने बंद असल्याने ते बरेच दिवस गावीच अडकले होते. परवानगी मिळताच आले, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. ते दुपारी आले. रायमल शेतात होता, मी दुसऱ्या पाड्यावर. धारेवर त्यांना मोहाचे झाड दिसले आणि झाडाला टांगलेले ते गाठोडे. ते जवळ गेले तेव्हा आतून फोन वाजला. लाकडे घेऊन चाललेल्या एका म्हातारीने त्यांना दुरूनच दटावले, हात लावू नको. पंकज सरांनी हात लावला नाही. छायाचित्र काढले आणि शिक्षकांच्या मोबाईलवरच्या गटावर टाकले. त्या दिवसांत सगळा देश हात लावू नका म्हणत होता. एका म्हातारीने तेच म्हटले, तर ती अंधश्रद्धा ठरली.

छायाचित्र वरपर्यंत गेले, भाषणांत आले आणि पुस्तिकेत छापले गेले. मला ते कळले नाही. मी निवृत्त होऊन गावी आलो होतो. मध्यंतरी एके दुपारी सेवंतीचा फोन आला. ती आता सपाटीवरच्या एका अध्यापक विद्यालयात शिकते. डोंगरातली मुलगी मास्तरीण होणार, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवीत नाही.

“सर, आज वर्गात ते पुस्तक वाचलं. बापाचा फोन आहे त्यात.”

“काय लिहिलंय?”

तिने वाचून दाखवले. मग म्हणाली, “सगळे हसले, सर. म्हणे, कसले लोक असतात.”

“तू उठून सांगितलं नाहीस?”

तिने आवाज खाली आणला.

“मीपण हसले, सर.”

मी रागावलो नाही. डोंगरातून येऊन सपाटीवरच्या वर्गात बसणे काय असते हे मला माहीत आहे. मी एवढेच विचारले की वर्गात कोणाला ठाऊक आहे का, तो बाप तिचा आहे म्हणून. ती म्हणाली, नाही. आणि आता कसे सांगणार? आधीच हसून बसले. बाप रविवारी भेटायला येतो म्हणाला, तर त्यालाही नको म्हटले.

माझे भांडण इथे सुरू झाले. पुस्तिकेशी नाही, तिच्यामुळे एका बापाला मुलीच्या विद्यालयाच्या फाटकाशी जाता येत नाही याच्याशी. या लेखात तिचे हसणे लिहू का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, “लिहा. माझं नाव पण लिहा.”

पंकज सर मला तळोद्याला एका लग्नात भेटले. पंगतीत शेजारी बसले, वाकून नमस्कार केला. मी विषय काढला.

“गुरुजी, इतला दिन व्हई गयात. आते कसाले उकरी ऱ्हायनात?”

“तुम्ही छापी दिन्हं म्हनीसन.”

“फोटो तं खरा शे ना?”

“फोटो खरा शे. त्यानाखाले लिखेल खोटं शे.”

“मी काय लिखेल नही, गुरुजी. मी फोटो टाका. साहेबसनी इचारं, काय भानगड शे? मी म्हनं, लोके हात लावतस नहीत, भ्यातस वाटतं. पुढलं त्यासनी वाढाईसन लिखं.”

“आनि ते प्रबोधन?”

पंकज सर जरा लाजले. “त्या म्हातारीले सांगं, मावशी, मोबाईलमुये काही व्हत नही. तितलंच.”

तुंब्याचे, कुंकवाचे, रेंजचे सगळे मी त्यांना समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग मात्र त्यांनी असा मुद्दा काढला की माझा हात पानावर थांबला.

“बरं, मी चुकनू. पन त्यानी वाटवर काटा टाकेल व्हतात का नही? तुम्हले भी दगडवरच बसाडे का नही? इतला भ्यानारा मानूस फोनले भ्यात नव्हता, हाई तुम्हीन कशावरथून सांगतस? रेंजसाठे टांगेल व्हता, हाई तो आते म्हनस. आते कोनीबी म्हनी.”

मी जेवण संपवले आणि उठलो. प्रश्न चांगला होता. माझ्या विद्यार्थ्याने विचारला असता तर मी पाठ थोपटली असती. रायमल चांगला माणूस आहे, खोटे बोलत नाही, हे माझे मत झाले, पुरावा नव्हे. मुलांनी धडे ऐकले हाही पुरावा नव्हे. भीती गेल्यावर ऐकले, असे पुस्तिका म्हणतेच.

म्हणून मी जीपने धडगाव गाठले आणि तिथून पुढे, या वयात, पुन्हा तो चढ चढलो. रायमल कुंपण बांधत होता. मी त्याला पुस्तिकेतले पान दाखवले आणि वाचून दाखवले. तो मनापासून हसला.

“झाड चांगलं आलंय, सर.”

“लोक तुला हसतात, रायमल.”

“हसू द्या. माझं काय जातं?”

त्याचे काय जाते हे मला माहीत होते. ते मी त्याला सांगितले नाही. ते सांगण्याचा अधिकार सेवंतीचा.

“पोरगी म्हणते अभ्यास फार आहे, येऊ नको,” तो आपणहून म्हणाला. “अभ्यास असेल तर बरंच आहे.”

मी विषय बदलला. “खरं सांग. तेव्हा भीती वाटत होती?”

“रोगाची? लय. ती एकच पोरगी आहे मला.”

“आणि फोनची?”

त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू म्हातारपणी मास्तरांचे काहीतरी बिघडले आहे. मग तो मला त्या मोहाखाली घेऊन गेला. ती फांदी त्याने दाखवली. उंच आणि बारीक. “मी चढलो असतो तर मोडली असती,” तो म्हणाला. सकाळी तो दोरीला खडा बांधून फांदीवरून फेकायचा आणि तुंबा वर ओढायचा. पण दिवसभरच्या वाऱ्याने दोरी फांदीला गुंडाळली जायची. मग तुंबा दोरीने खाली येत नसे, कोणीतरी वर जाऊन सोडवावा लागे. हे मी त्या दिवसांत, पंकज सर पाड्यावर येण्याच्या आधीपासून, कुंपणाशेजारच्या दगडावरून वर धारेकडे बघत अनेकदा पाहिले होते. रोजचे होते, म्हणून तो पुरावा आहे असे मनात आले नव्हते. पंकज सरांनी, पुस्तिकाकारांनी आणि त्या वर्गात हसलेल्या सगळ्यांनी आता ते वाचावे.

ज्या मुलीला रोग लागू नये म्हणून रायमलने सगळ्या वाटेवर काटे टाकले होते, तीच सेवंती रोज संध्याकाळी त्याच्या खांद्यावर पाय ठेवून त्या झाडावर चढत असे आणि तो फोन सोडवून, छातीशी धरून खाली आणत असे.